पन्नाशीच्या आत रिटायर झालेला माणूस पैशासाठी परत कामाला जातो का? निवांतरावांच्या पोस्टला उत्तर

वाळूजवाला
काल निवांतरावांची पोस्ट वाचली अन् डोकं तापलं, तिथं खाली लिहिलं असतं तर हरवून गेलं असतं म्हणून वेगळा धागा काढायलोय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ज्यानं नीट हिशोब करून पन्नाशीच्या आत नोकरी सोडली तो पैशासाठी परत कधीच जात नाही, आणि जो गेला त्याचा हिशोब कच्चा होता, "अशांनी रिटायर झालो म्हणून मिरवू नये". वर ते २५ पटीचं सूत्र. वर्षाचा खर्च गुणिले २५, तेवढे जमले की राजीनामा द्या अन् चहा पीत बसा.

साहेब, ते सूत्र अमेरिकेतल्या बेंगेन नावाच्या सल्लागाराच्या १९९४ च्या हिशोबातून आलंय. तिथल्या शेअर-बाँडचे जुने आकडे घेतले आणि ३० वर्षं पैसा पुरावा एवढंच बघितलं. तुम्ही ४५ ला घरी बसलात, तुमच्याच पोस्टप्रमाणे आई ८० च्या पुढं ठणठणीत आहेत, मग तुम्हाला ४० वर्षं धरायला नकोत का? आणि महागाई कुठली धरायची, टेक्सासची का आंबाजोगाईची?

माझं सांगतो. वाळूजच्या एमआयडीसीत एका कंपनीत २२ वर्षं काढली. लाईन बंद करायची ठरली, ४७ व्या वर्षी व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घ्या म्हणाले. "घ्या म्हणाले" म्हणजे काय ते वाळूज-चिकलठाण्यात काम केलेल्याला समजवायची गरज नाही. पण पैसा बरा मिळाला, पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हीआरएसची रक्कम सगळं मिळून माझा पण तुमच्यासारखाच हिशोब बसत होता, एक्सेल मलाही येतं. पहिले दीड-दोन वर्षं मजेत गेली. मग वडिलांचं डायलिसिस सुरू झालं, आणि कंपनीची ग्रुप मेडिक्लेम कंपनीबरोबरच गेली होती, नवीन पॉलिसी त्या वयात त्या आजाराला कोण देतंय. त्यातच पोरगी लातूरला नीटच्या क्लासला, फी वेगळी, होस्टेल वेगळं, मेस वेगळी. ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफवाल्यांची पेन्शन ५८ ला, ५० नंतर लवकर घेतली तर दर वर्षामागं ४ टक्के कमी, आणि ती किती तर पाच हजारही पूर्ण होत नाहीत. तर गेलो परत. आमच्याच कंपनीला माल देणाऱ्या व्हेंडरकडं सुपरवायझर म्हणून, पूर्वीच्या पगाराच्या निम्म्याहून कमीवर. पैशासाठीच गेलो. वेळ जात नव्हता म्हणून नाही, ज्ञान वाटायचं म्हणून तर मुळीच नाही.

निवांतराव
नमस्कार. मुद्दे चांगले आहेत पण तुम्ही माझी पोस्ट पूर्ण वाचलेली दिसत नाही. मी "स्वेच्छेने" असं स्पष्ट लिहिलं होतं. तुम्हाला कंपनीने काढलं आणि हातावर पैसे ठेवले, त्याला नाव व्हीआरएस असलं तरी ते वेगळं प्रकरण आहे. वडिलांच्या आजाराबद्दल वाईट वाटलं, पण आरोग्य विमा स्वतःचा वेगळा घ्यावा हे कुठलाही सल्लागार पहिल्या दिवशी सांगतो. मी आज गावाकडे साडेचार एकर शेती करतो, महिन्याचा खर्च ४० हजारांच्या आत आहे आणि कोणी कितीही पगार दिला तरी मी परत कामाला जाणार नाही. विषय संपला.

कापूसकोंड्या परभणी
एक मिनिट एक मिनिट. शेती करतो आणि काम करत नाही?? हे दोन्ही एकाच वाक्यात?

बीएसएनएल नांदेड
@वाळूजवाला भाऊ अगदी मनातलं बोललात. आमचंही ऐका. ३१ जानेवारी २०२० ला आम्ही बीएसएनएलची जवळपास ७८ हजार लोकं व्हीआरएस घेऊन एकाच दिवशी बाहेर पडलो, पन्नाशी पूर्ण झालेले सगळे पात्र होते. दोन महिन्यांत लॉकडाऊन. आमच्या एक्स्चेंजच्या ग्रुपवर अजून हीच चर्चा चालते कोण परत लागलं अन् कोण नाही. माझं निरीक्षण सांगतो, ज्याला महिन्याला पेन्शन येते तो पैशासाठी सहसा परत जात नाही, ज्याला एकरकमी मिळालं तो जातो. कारण एकरकमी पैशाची बातमी आख्ख्या पाहुण्यारावळ्यात पसरते. मेहुण्याला प्लॉट घ्यायचाय, पुतण्याचं लग्न, गावात सप्त्याची पंगत. पेन्शनवाल्याला निदान सांगता येतं की बाबा महिना संपत आला.

तरी आमच्यातले दोघं-तिघं पेन्शन चालू असून प्रायव्हेट फायबरवाल्यांकडं जातात. ज्या खांबावर सरकारी वायर ओढली त्याच खांबावर आता ठेकेदाराची ओढायलेत. विचारलं तर म्हणतात पोरीचं लग्न.

निवांतराव
@कापूसकोंड्या शेती ही माझी जीवनशैली आहे. उत्पन्नासाठी नाही. मातीत हात घातल्यावर जे समाधान मिळतं ते पगारात नाही.

कापूसकोंड्या परभणी
झालं. हेच ऐकायचं बाकी होतं. मालक, उत्पन्नासाठी तर आम्ही पण करत नाही, उत्पन्न येतच नाही 😂 २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ आणि मोंढ्यात विकायला गेलं की ४ हजार, ४२००, ते पण ओलावा जास्त म्हणून अजून कापणार. म्हणजे आमची पण जीवनशैलीच की! माझा बाप ७१ चा आहे, अजून रात्रीची लाईट आली की मोटर चालू करायला जातो, त्याला सांगतो आता की तुम्ही रिटायर आहात, निवांतरावांचं सर्टिफिकेट आलंय.

सांगा बरं, साडेचार एकरात काय आहे? बोअर किती खोल? फवारणी कोण करतंय?

निवांतराव
सोयाबीन, थोडी तूर, बांधावर केशर आंब्याची ३० झाडं. मराठवाड्याच्या केशरला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं आहे हे तुम्हाला माहीत असेलच. रोजचं काम गावातला एक माणूस बघतो, बटईने, म्हणजे वाट्याने.

कापूसकोंड्या परभणी
बटईनं!!! मग मातीत हात कोणाचा जायलाय?

मोसंबी जालना
कापूसकोंड्या भाऊ हसून हसून वाट लागली. पण जीआयचं नाव काढलं म्हणून बोलतो, जालन्याच्या मोसंबीला पण जीआय आहे, त्यानं काय झालं. २०१२-१३ च्या दुष्काळात आमची बाग वाळली, टँकरनं पाणी घालून घालून शेवटी कुऱ्हाड लावली. काकांनी बँकेतली नोकरी सोडून ती बाग लावली होती, २००१ च्या बँक व्हीआरएसमध्ये बाहेर पडले होते, सगळा पैसा ड्रिप, विहीर, रोपं यात. बाग गेल्यावर ते पतसंस्थेत मॅनेजर म्हणून लागले, ते पण त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या पोराच्या हाताखाली. तेव्हा "परत जातात का" याचं उत्तर आमच्या घरात आहे. शेतीसाठी नोकरी सोडली आणि शेतीसाठीच परत नोकरी धरली.

निवांतराव
सगळा पैसा एकाच ठिकाणी टाकला ही चूक होती. उदाहरण लागू होत नाही.

मोसंबी जालना
तुम्हाला कुठलंच उदाहरण लागू होत नाही राव. जो परत गेला त्याचा हिशोब कच्चा आणि ज्याचा हिशोब पक्का तो परत जात नाही. मग चर्चा कशाची करायची, आरती करू.

माजलगावची बाई
मी शक्यतो लिहित नाही पण आज लिहिते. आमच्या घरात पण एक निवांतराव आहेत. ४९ ला सोडली नोकरी, स्वेच्छेने, हिशोब पक्का, एक्सेल मी स्वतः पाहिलंय. त्यात एका ओळीत "इतर उत्पन्न" लिहिलेलं होतं. ते इतर उत्पन्न म्हणजे मी! शाळेची नोकरी, सकाळी पोळ्या लाटून सातची बस, आल्यावर परत स्वयंपाक. लोकांपुढं सांगतात मी परत कामाला जायची गरजच पडली नाही. पडंल कशी, जातंय ना कोणीतरी. तुमच्या २५ पटीत बायकोचा पगार धरलाय का हो? प्रामाणिकपणे सांगा.

निवांतराव
ताई, हा कौटुंबिक प्रश्न आहे, इथे नको.

वाळूजवाला
का नको? माझा डायलिसिसचा खर्च इथं चालला, ताईंचा पगार नको?

टेट दिलेला
सगळ्यांनी आपापलं रडगाणं गायलं आता माझं ऐका. तुम्ही "परत जातात का" विचारायलात, आम्ही म्हणतो कशाला येताय परत? २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चला शिक्षक भरतीची टेट परीक्षा दिली, भरतीच्या पवित्र पोर्टलकडं बघत बसलो, आणि जुलैत शासनानं जीआर काढला की जिल्हा परिषदेच्या शाळेत रिटायर गुरुजी घ्या, महिना २० हजार, वय ७० पर्यंत. पेन्शन चालू, वर २० हजार, आणि आम्ही ३२ वर्षांचे घोडे घरी. पैशासाठी येत नाहीत म्हणे. मग कशासाठी आले, खिचडी खायला?

गुरुजी धाराशिव
जपून बोल बाळा. वर्गावर शिक्षकच नसेल तर पोरांनी काय करायचं? मी त्या २० हजारावर गेलो होतो, दोन शिक्षकी शाळेत एक जागा रिकामी होती, गावातल्या लोकांनीच आग्रह केला. आणि मी ५८ ला वयानुसार रिटायर झालो, लवकर नाही, त्यामुळं या धाग्यात माझा काय संबंध.

टेट दिलेला
संबंध हा की ती जागा माझी होती. आग्रह केला म्हणे. २० हजार परत केले का मग?

गुरुजी धाराशिव
नाही केले. आणि करणार पण नव्हतो. काम केलं, पैसे घेतले. जागा भरायची शासनानं, माझ्यावर कशाला डाफरतोस.

बीएसएनएल नांदेड
गुरुजींचं हे आवडलं बरं का, निदान सरळ बोलले. बाकी पोराचा राग पण चूक नाही.

कापूसकोंड्या परभणी
शेतीचं राहिलंच. निवांतराव, सप्टेंबर २०२५ ला तुमच्याकडं पाऊस किती झाला? आमच्याकडं गोदावरी शेतात आली, सोयाबीन काढायच्या तोंडावर होतं, गुडघाभर पाण्यात सडलं, शेंगांना जागेवर कोंब फुटले. बीड-धाराशिवकडं तर माती खरडून गेली, खाली नुसता मुरूम. अशा वर्षी बटईदाराला काय देता? बी-खताचे निम्मे पैसे तर दोघांचे गेलेच ना. तुमच्या एक्सेलमध्ये या वर्षाची ओळ आहे का?

निवांतराव
आमच्याकडेही नुकसान झालं. बांध फुटला, आंब्याची निम्मी झाडं आडवी झाली. बटईदाराचे पैसे मी स्वतः दिले, त्याच्या वाट्याचंही नुकसान मी घेतलं, हे सांगायची गरज नव्हती पण तुम्ही विचारलं म्हणून सांगतो. बांधाला जेसीबी लावला तो खर्च वेगळा.

कापूसकोंड्या परभणी
हे मात्र मानलं. खरंच. असं करणारे मालक कमी आहेत. जीवनशैली वगैरे सगळं माफ.

मोसंबी जालना
मीही मानतो. पण मग एक विचारू? तुम्हीच डिसेंबरात फोटो टाकला होता, पुण्यात कुठल्यातरी हॉलमध्ये माईक हातात घेऊन नव्या पोरांना ट्रेनिंग देताना. खाली लिहिलं होतं "जुन्या कंपनीने प्रेमाने बोलावले". महिनाभर तिकडंच होतात, इथं पोस्टच नव्हती तुमची. जेसीबीचं बिल कोणत्या महिन्यात भरलं म्हणे?

निवांतराव
तो अनुभव पुढच्या पिढीला देण्याचा भाग होता. मानधन त्यांनी स्वतःहून दिलं. त्याला नोकरी म्हणत नाहीत.

वाळूजवाला
टीडीएस कापला का?

निवांतराव
१० टक्के. प्रत्येकाचा कापतात.

माजलगावची बाई
😂😂

वाळूजवाला
बास. मला एवढंच पाहिजे होतं. तुमच्यावर राग नाही निवांतराव, बांधासाठी गेलात, चांगलंच केलं, मी बापासाठी गेलो. फक्त "मिरवू नये" ते वाक्य तेवढं पोस्टमधून काढा.

निवांतराव
काढणार नाही. आपत्कालीन निधी कमी पडला एवढंच म्हणता येईल. तिथे "सहसा" हा शब्द वाढवतो.

टेट दिलेला
सहसा वाढवा, जागा पण वाढवा.

बीएसएनएल नांदेड
ते जाऊ द्या, कामाचं कोणीतरी सांगा. आमचा एक दोस्त प्रायव्हेटमधून ५३ ला व्हीआरएस घेऊन बाहेर पडलाय, त्याला पोस्टातली ज्येष्ठ नागरिकवाली ८.२ टक्क्यांची स्कीम मिळती का? एजंट हो म्हणायलाय.

वाळूजवाला
नाही मिळत. साधा नियम ६० चा. व्हीआरएसवाल्याला ५५ नंतर मिळते, पण पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत टाकावे लागतात, आणि ३० लाखापर्यंतच. पन्नाशीची सूट फक्त डिफेन्सवाल्यांना. एजंटला म्हणावं फॉर्म दाखव. तोपर्यंत मंथली इन्कम स्कीम बघा, तिथं वयाची अट नाही, पण एकट्याच्या नावावर ९ लाखच बसतात.

बीएसएनएल नांदेड
मग त्याला पण कुठंतरी लागावंच लागंल. तुमच्या व्हेंडरकडं जागा आहे का हो?

वाळूजवाला
स्टोअरला आहे. १८ हजार, बारा तासाची शिफ्ट. बायोडाटा पाठवा म्हणा.