युरोपला जाणारी द्राक्षे: खरड छाटणीनंतर क्लोथियानिडिनची आळवणी चालेल का?

तासगाव_बागायतदार: खोडावर आणि ओलांड्यावर (आडव्या फांद्यांवर) मिलीबग ही रस शोषणारी कीड आहे. एप्रिल छाटणीनंतर (खरड छाटणी) क्लोथियानिडिन या कीटकनाशकाची आळवणी (मुळाशी द्रावण ओतणं) सुचवली जातेय. काढणी फेब्रुवारीत. एवढ्या अंतराने उर्वरित अंश राहील का?

पलूस_द्राक्ष: दादा, निर्यातीच्या प्लॉटला नकोच. 7 मार्च 2026 पासून युरोपात उतरणाऱ्या मालात क्लोथियानिडिन आणि त्याच गटातलं थायामेथोक्झाम यांच्या उर्वरित अंशाची मर्यादा प्रयोगशाळेला मोजता येईल तितक्या खालच्या पातळीवर, 0.01 मिग्रॅ प्रतिकिलोवर आणलीय. म्हणजे 100 टन द्राक्षांत जेमतेम एक ग्रॅम. कारण खाणाऱ्याचं आरोग्य नाही, मधमाश्या; त्यांना ही औषधं मारक आहेत. पर्यावरणाच्या कारणावरून आयात मालाची मर्यादा खाली आणण्याची युरोपची ही पहिलीच वेळ.

क्लोथियानिडिन जमिनीत महिनोन् महिने टिकतं आणि मुळांवाटे वर चढतं. थायामेथोक्झामचं झाडात क्लोथियानिडिनच होतं, त्यामुळे फवारलं एक आणि अहवालात आलं दुसरं असं होतं.

तासगाव_बागायतदार: पण काढणीपूर्व कालावधी (शेवटचं औषध ते काढणी यातले दिवस) तर पाळणारच की.

पलूस_द्राक्ष: तो कालावधी जुन्या, सैल मर्यादेवर ठरलेला असतो. जुना तक्ता वापरू नका, अपेडाचं (केंद्राची शेतमाल निर्यात संस्था) चालू हंगामाचं, द्राक्षावरच्या औषधांच्या यादीचं अ‍ॅनेक्श्चर-5 बघा. इमिडाक्लोप्रिड हे त्याच गटातलं औषध या नियमात नाही, तरी त्याचीही मर्यादा वेगळी तपासा.

मिरज_फवारणी: ब्लोअरची (फवारणी यंत्राची) टाकी विसरू नका. थायामेथोक्झाम 25 डब्ल्यूजी (25 टक्के औषध असलेले दाणे) 0.25 ग्रॅम प्रतिलिटरनं मारलं आणि तळाशी 5 लिटर राहिलं, तर त्यात साधारण 310 मिग्रॅ औषध असतं. ते पुढच्या 600 लिटरमधून एका एकरावर गेलं, 10 टन माल धरला आणि निम्मं पानांवर पडलं, तरी द्राक्षात 0.015 मिग्रॅ प्रतिकिलो येतं. नमुना नापास. टाकी, पाइप, नोझल तीनदा धुवा. उसावर ही औषधं मारत असाल तर त्यासाठी वेगळा पंप ठेवा.

कवठेमहांकाळ_बाग: पर्याय मेहनतीचा आहे. सैल साल काढून बागेबाहेर जाळा, मुंग्या आवरा, कारण त्याच मिलीबग पसरवतात. मिलीबग खाणारे क्रिप्टोलिमस भुंगेरे एकरी 2000 सोडा, त्या काळात कीटकनाशक नको. लेकॅनिसिलियम ही मिलीबग मारणारी बुरशी संध्याकाळी, हवेत ओलावा असताना मारा. बुरशीनाशकात मिसळली की ती मरते.

मधमाश्या जगल्याच पाहिजेत. पण साल काढायची मजुरी शेतकऱ्याच्या खिशातून जाते, आणि ती निर्यातीच्या दरात धरली जात नाही. सौदा करताना हे व्यापाऱ्यापुढं मांडा.