स्टेजवर मध्येच सगळं पुसलं जातं, पाठांतर नेमकं कसं करता?

संथलय:
नमस्कार मंडळी. चार महिने पियानोवर बाखचा सी मायनर फ्यूग (एकच धून वेगवेगळे आवाज एकामागून एक उचलतात ती रचना) घेऊन बसलेय, त्याच्या 'वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर' या संग्रहाच्या पहिल्या खंडातला, तीन आवाजांचा. अवघे ३१ बार (म्हणजे तालाची आवर्तनं), दोन मिनिटंही लागत नाहीत, घरी डोळे मिटून वाजतो. परवा लोकांसमोर वाजवला आणि २२व्या बारला घात झाला. तिथला तुकडा ९व्या बारसारख्याच वळणाचा आहे ना, तर बोटं सरळ जुन्या वाटेला लागली आणि मी परत ११व्या बारला, ई फ्लॅट मेजर या दुसऱ्याच स्केलमध्ये जाऊन पोचले! पुन्हा फिरून आले, पुन्हा तिथेच चुकले, शेवटी हात थांबले. घरी येऊन लगेच वाजवला तर एकही चूक नाही. रोज दोन तास बसते हो, मग कमी काय पडतंय? खरंच खूप लागलंय मनाला.

डावाहात:
आधी हे, की बसणं कमी पडत नाहीये. तुमचं पाठांतर बोटांत आहे आणि बोटांना फक्त 'यानंतर काय' एवढंच कळतं, आपण कुठे आहोत ते नाही. घरी तेवढ्यावर निभावतं. लोकांसमोर मन जरा जास्त जागं होतं, बोटांकडे बघायला लागतं आणि साखळी तुटते. एक करून बघा, नुसता डावा हात, पाठ, अर्ध्या लयीत, पेडलला पाय न लावता. मी पहिल्यांदा केलं तेव्हा अर्ध्या पानातच अडकले, आणि तो पीस मला 'येत' होता बरं का! मग मी प्रत्येक पीसमध्ये आठ-दहा जागा ठरवून त्यांना नंबर दिले, चिठ्ठी काढायची आणि जो नंबर येईल तिथून सुरू करायचं, शेवटची जागा सगळ्यात आधी पक्की करायची. असं असलं की चुकलात तरी पुढच्या जागेवर उडी मारता येते, मागे जावं लागत नाही. तुमच्या त्या दोन जुळ्या तुकड्यांचं म्हणाल तर ते पाठोपाठ वाजवा आणि फाटा कुठे फुटतो, कुठल्या स्वराला, ते मोठ्याने बोला. फ्यूग आहे तर एक आवाज गाऊन बाकीचे दोन वाजवायचे, हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाचं.

कागदसमोर:
माझं मत वेगळं आहे, पाठच वाजवायला पाहिजे असं कुणी सांगितलं? पियानोवादक क्लारा शुमान तरुणपणी समोर स्वरलिपीचा कागद न ठेवता वाजवायची तेव्हा काहींना तो चक्क आगाऊपणा वाटला होता, पुढे तीच पद्धत झाली आणि आपण ती देवाने दिल्यासारखी धरून बसलो. रिश्टरसारखा मोठा पियानोवादक उतारवयात कागद समोर ठेवूनच वाजवायचा, हॉलमध्ये अंधार आणि कागदावर तेवढा एक छोटा दिवा. हॉरोविट्झसारखा नावाजलेला पियानोवादक १९५३ ते १९६५ स्टेजवरच आला नाही. म्हणजे भीती मोठमोठ्यांनाही चुकलेली नाही, त्यात पाठांतराचं ओझं कशाला?

डावाहात:
कागद ठेवायला माझी ना नाही, पण ज्याला पाठ वाजवायची सवय आहे त्याने ऐनवेळी कागद ठेवला तर नजर कुठे ठेवायची तेच कळत नाही, कागदासकट तालीमही वेगळी करावी लागते.

पट्टीजड:
पियानो कुठला होता हे कुणीच विचारलं नाही. व्हायोलिनवाला आपलं वाद्य घेऊन जातो, आपल्याला तिथे असेल त्यावर वाजवावं लागतं. पट्टी जेमतेम १० मिलिमीटर खाली जाते, पण तेवढ्यातच जड-हलकं कळतं आणि बोटांचं पाठांतर त्या वजनावर उभं असतं. वजन बदललं की पाठांतर डगमगतं. म्हणून मिळेल त्या पियानोवर वाजवा, वाईट असला तरी. आणि कार्यक्रमाआधी दहा मिनिटं मिळाली तर अवघड जागा घोटू नका, सुरुवातीचे चार बार अगदी हळू वाजवून खोलीत आवाज कसा फिरतो ते ऐका.

संथलय:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल नुसता डावा हात करून बघितला, १३व्या बारलाच थांबले 😔 आणि पियानो वेगळाच होता, पट्ट्या बऱ्याच जड. चिठ्ठ्या केल्यात, आठ. आज २२ नंबरच्या बारची दोनदा आली, एकदा बरोबर गेले. पुढच्या महिन्यात तोच फ्यूग परत वाजवायचं ठरवलंय, त्याच लोकांसमोर.