"मुलींची फुटबॉल मॅच बघायला कुत्रं येत नाही" म्हणणाऱ्यांसाठी. लांब आहे, वाचायचं तर वाचा

तापीकाठची

परवापासून एक फोटो फिरून राह्यलाय. आंतरशालेय मुलींची फुटबॉल फायनल, मागे रिकाम्या पायऱ्या, आणि खाली आपल्या रावेरच्या भाऊंनी लिहिलंय की "मुलींच्या फुटबॉलवर पैसे घालतात, बघायला कुत्रं येत नाही, लोकांना जे आवडत नाही ते बळंच कशाला खपवता". त्याखाली हसण्याच्या इमोजींची रांग. मी गप्प बसणार होते पण माझी भाची त्या मॅचमध्ये लेफ्ट बॅक होती आणि मी तिथेच होते, म्हणून आता ऐकाच.

पहिली गोष्ट, ती फायनल दुपारी साडेबाराला ठेवली होती. ऑक्टोबरात. जळगावात. का, तर चारला मुलांची सेमी होती आणि पाहुणे तेव्हाच येणार होते. मुलींची फायनल उन्हात आणि मुलांची सेमी सावल्या पडल्यावर. त्या पायऱ्या एक वाजता तव्यासारख्या तापल्या होत्या, त्यावर तुम्ही बसून दाखवा. बघणारे होते, डावीकडे लिंबाखाली, आया होत्या, आज्या होत्या, शाळेच्या मुली होत्या. फोटो काढणाऱ्याने बरोबर तेवढा भाग सोडला.

दुसरी गोष्ट, "लोकांना आवडत नाही" हे कोणी ठरवलं? इंग्लंडमध्ये 26 डिसेंबर 1920 ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक कर लेडीज नावाच्या, कारखान्यात काम करणाऱ्या पोरींच्या टीमची मॅच होती, 53 हजार लोक आत. मग पुढच्याच वर्षी डिसेंबरात तिथल्या फुटबॉल असोसिएशनने सांगितलं की आमच्या क्लबांच्या मैदानावर बायकांनी खेळायचं नाही. ती बंदी जवळपास पन्नास वर्षं चालली. ब्राझीलमध्ये 1941 पासून 1979 पर्यंत बंदी. पश्चिम जर्मनीत 1955 ते 1970. म्हणजे ज्या देशांचं फुटबॉल तुम्ही रात्री जागून बघता, त्या देशांनी बायकांना वर्षानुवर्षं मैदानाबाहेर ठेवलं, आणि मग शंभर वर्षांनी विचारायचं, काहो, तुमचं मार्केट का नाही?

आणि मार्केट पण आलंच की. 2022 ला बार्सिलोनाच्या मुलींची मॅच बघायला कॅम्प नो स्टेडियमवर 91,648 लोक. 2023 च्या वर्ल्डकपला 32 टीम, प्रेक्षक वीस लाखांच्या घरात. तुम्हाला आवडत नाही ना, मग "मला आवडत नाही" असं लिहा. "लोकांना" असं लिहू नका, लोकांनी तुम्हाला मुखत्यारपत्र दिलेलं नाही.

केळीवाला रावेर

ताई भाषण छान, शाळेत बक्षीस मिळालं असतं. पण बार्सिलोना कुठे आणि आपण कुठे. तिकडे तिकिटं स्वस्त ठेवून स्टेडियम भरवत असतील, मला काय माहीत. आपल्याकडचं बोला. 2022 ला मुलींचा अंडर-17 वर्ल्डकप आपल्याच देशात झाला, यजमान म्हणून फुकट एन्ट्री मिळाली, काय झालं? अमेरिकेकडून 8-0, मोरोक्कोकडून 3-0, ब्राझीलकडून 5-0. तीन मॅचमध्ये सोळा गोल खाल्ले, एक मारला नाही. हे मी बनवून सांगत नाहीये.

मी मुलींच्या खेळण्याच्या विरोधात नाही हे आधीच सांगतो, माझी सख्खी बहीण खो-खो खेळायची. जे आपल्या मातीतलं आहे ते खेळा ना. खो-खोचा वर्ल्डकप जानेवारी 2025 ला आपल्या मुलींनी जिंकला, कॅप्टन आपल्या महाराष्ट्राची. तिथे पैसे घाला.

आणि खरं बोलू का, राग येईल, पण या शाळांच्या टीममधल्या अर्ध्या मुली दहावीच्या वाढीव गुणांसाठी उभ्या असतात. बॉल आला की बाजूला सरकतात. हे सगळ्यांना माहितीये, बोलत कोणी नाही.

धुळेकर भाचा

सोळा गोल मोजले भाऊ, आता मुलांचं पण मोजा. देशाची मुलांची टीम 2027 च्या आशिया कपला पात्रच झाली नाही, सिंगापूरकडून गोव्यात घरच्या मैदानावर हरली. मुली जुलै 2025 ला थायलंडमध्ये जाऊन थायलंडला 2-1 ने हरवून 2026 च्या आशिया कपला गेल्या, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. क्वालिफायर खेळून जाण्याची पहिलीच वेळ. मुलांची ती मोठी लीग, आयएसएल, त्याच वर्षी वेळेवर सुरूसुद्धा झाली नाही. त्याच्यावर पोस्ट कुठाय तुमची? का तिथे पायऱ्या भरलेल्या दिसल्या?

केळीवाला रावेर

मुलांचं फुटबॉल पण भिकारच आहे, मी कधी चांगलं म्हटलं? आता ते पण माझ्या नावावर टाका.

निवृत्त पीटी सर

गुणांचा विषय निघालाच आहे तर बोलतो. आयुष्य शाळेच्या मैदानावर गेलं, चोपडा, अमळनेर, पारोळा सगळीकडे टीम घेऊन फिरलो. हो, टीममध्ये गुणांसाठी येणाऱ्या मुली असतात. मुलंही असतात, त्यांचा फोटो कोणी काढत नाही एवढंच. पण तुम्हाला आतली गोष्ट सांगतो. मुलीच्या वडलांकडे गेलो आणि म्हटलं "तुमची लेक चांगली खेळते", तर वडील म्हणायचे "सर, ती काळी पडेल, उद्या पाहुणे बघायला येतील". म्हटलं "नॅशनल खेळेल", तर म्हणायचे "आम्हाला नको". म्हटलं "दहावीला गुण मिळतील", लगेच सही. त्या गुणांशिवाय माझी एक टीम उभी राहिली नसती. ती मुलीची लबाडी नाही, तो बापाकडून मिळालेला परवाना आहे. आणि दहावीचा निकाल लागला की परवाना संपतो. माझ्या हातून गेलेली सगळ्यात चांगली स्ट्रायकर दहावीनंतर पुन्हा मैदानात दिसली नाही, पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली भेटली, कडेवर पोर होतं. दोन्ही पायांनी मारायची.

अजून एक. मुलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली 1996 ला, मुलींची 2016-17 ला. वीस वर्षं मुलींना शाळेनंतर खेळायला जागाच नव्हती. 1980 आणि 1983 ला आपल्या बायका आशियात रनर-अप होत्या, हे आजच्या किती जणांना माहीत आहे? ती टीम पुढे कोणी सांभाळली नाही.

दहावीचा बाप

सर म्हणजे तुम्ही स्वतःच कबूल केलं की गुणांचं आमिष दाखवून टीम भरता. आभारी आहे. आता माझं ऐका. माझ्या मुलाने वर्षभर टीव्ही बघितला नाही, केबल काढून टाकली होती आम्ही. अकरावीला ज्या कॉलेजला सायन्स पाहिजे होतं तिथे थोडक्यात हुकला. आमच्याच गल्लीतली मुलगी आत गेली, वाढीव गुणांवर. ती काय खेळते तर म्हणे फुटबॉल. मी तिला कधी फुटबॉल हातात घेतलेलं पाहिलं नाही.

धुळेकर भाचा

काका फुटबॉल हातात घेतलं तर फाऊल असतो.

दहावीचा बाप

हसा. ज्याचं जळतं त्याला कळतं. तुझं अजून लग्न नाही, पोरं नाहीत, म्हणून सुचतंय.

शेवभाजी तर्री मारके

गुणांच्या बाबतीत काकांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, फक्त पत्ता चुकला. फुटबॉलमध्ये निदान अकरा जण लागतात, तालुक्याला हरवणारं कोणीतरी असतं. माझ्या आतेभावाने असा एक खेळ खेळून राज्यपातळीचं सर्टिफिकेट आणलंय ज्याचं नाव आम्ही सर्टिफिकेटवरच पहिल्यांदा वाचलं. टीमच मोजक्या होत्या, गेला तो खेळला, खेळला तो आला मेडल घेऊन. वर फी भरून. बंद करायचं तर ते करा. मुलींनाच का पकडता?

दहावीचा बाप

मी कुठे मुलींना पकडलं? माझं म्हणणं सगळ्यांचे बंद करा. अभ्यास करणाऱ्याला अभ्यासाचे गुण, खेळणाऱ्याला कप द्या, शाल द्या, सायकल द्या.

तापीकाठची

काका, अकरावीच्या त्या यादीत वाढीव गुणवाली मुलं किती होती ते पण बघितलं का? का गल्लीतली मुलगीच दिसली? आणि तुमच्या मुलाला कोणी अडवलं होतं खेळायला? केबल काढली तसं त्याचं मैदान पण काढलं असेल. माझी भाची पहाटे पाचला उठते, प्रॅक्टिस करून येते, मग क्लास, मग शाळा. तिच्या गुणांचा हिशोब मागायचा तर तिच्या झोपेचा पण मागा.

दहावीचा बाप

माझ्या मुलावर जायचं काम नाही. सांगून ठेवतो.

भुसावळची आई

दोघं थांबा जरा. गुणांवरून तुमचं पुढच्या निकालापर्यंत चालेल. मला कोणी हे सांगा, मुलगी पाठवायची कोणाच्या भरवशावर? माझी धाकटी रेल्वे कॉलनीतल्या मुलांबरोबर खेळत मोठी झाली, चांगली खेळते, मला कौतुक आहे. पण स्पर्धेला बाहेरगावी न्यायचं म्हटलं की सोबत लेडी टीचर नाही, राहायला कुठल्यातरी शाळेचे वर्ग, बाथरूमला कडी नाही. 2022 ला त्याच अंडर-17 टीमच्या परदेश दौऱ्यावरून सहायक कोचला गैरवर्तनामुळे परत बोलावून काढून टाकलं होतं, ही बातमी मी विसरलेले नाही. देशाच्या टीमबरोबर असं, तर आमच्या तालुक्याच्या जीपमध्ये काय. 2023 ला वर्ल्डकप जिंकल्यावर स्टेजवर स्पेनच्या फुटबॉल संघटनेच्या त्या अध्यक्षाने खेळाडूचं चुंबन घेतलं, सगळ्या जगासमोर. ते पण बघितलं.

आणि गुडघे. मुलींना गुडघ्याची ती लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, इंग्लंडची कॅप्टन लिया विल्यमसन त्याच्यामुळेच 2023 चा वर्ल्डकप खेळू शकली नाही. तिच्यामागे डॉक्टरांची फौज. माझ्या पोरीचा गुडघा गेला तर ऑपरेशनचा खर्च शाळा देणार का? मी बाहेरच्यांसारखी "मुलींनी खेळू नये" म्हणत नाही, पण आईला भीती वाटते तर ती मागासलेली, हे पण बोलू नका.

तापीकाठची

ताई, तुम्हाला कोण मागासलेलं म्हणेल. कडी, लेडी टीचर, विमा, हेच तर मागायला पाहिजे. पण बघा, हे मागायचं तर आधी हा खेळ चालू ठेवण्याइतका महत्त्वाचा आहे हे मान्य व्हायला हवं. "कुत्रं येत नाही" म्हटलं की कडी पण कोणी लावत नाही.

सातपुड्याची

धडगावकडची आहे मी, आश्रमशाळेत शिकले. तुम्ही सगळे जळगावच्या पायऱ्यांवर भांडून राह्यले, आमच्याकडे पायऱ्याच नाहीत. डोंगर आहे. आमच्या शाळेत एक बॉल होता, तो मुलांकडे असायचा. आम्हाला मिळायचा तो हवा गेल्यावर. तरी खेळायचो, अनवाणी, शाळेच्या फ्रॉकवर, कारण हाफ पँट घातली तर गावात बोलायचे. पाळी आली की त्या दिवशी मैदानात जायचं नाही, कोणी सांगायचं नाही तरी जायचो नाही, बदलायला जागा कुठे होती.

केळीवाले दादा म्हणतात सोळा गोल खाल्ले. त्या टीमची कॅप्टन अष्टम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या आदिवासी खेड्यातली होती, वर्ल्डकपच्या दिवसांत तिचे आईवडील गावात रस्त्याच्या कामावर मजुरीला होते, पेपरात आलं होतं. समोर अमेरिकेच्या मुली. मला ते आठ गोल दिसले नाहीत, मला ती तिथे उभी दिसली. झारखंडच्या मुली तिथवर जातात तर आमच्या पावरा, भिल्ल मुली का नाही? रोज घाट चढून-उतरून पाणी आणतात, दम लागणं कशाला म्हणतात त्यांना माहीत नाही. खो-खो आम्ही पण खेळलो, चांगला खेळ आहे, पण कोणी कुठला खेळायचा हे रावेरातून का ठरणार?

केळीवाला रावेर

ठीक आहे. सातपुड्याच्या ताईंना माझं काही उत्तर नाही, त्यांनी भाषण न देता सांगितलं. साडेबाराचं पण मला माहीत नव्हतं, फोटो मला फॉरवर्ड आला होता. साडेबाराला तर मी बागेत मजूर पण ठेवत नाही. एवढं मान्य, खूश? बाकी माझं मत तेच आहे. पुढच्या वर्षी संध्याकाळी पाचला फायनल ठेवा, फुकट ठेवा, मग बघू किती येतात. मी येतो, मोजतो.

धुळेकर भाचा

तुले काय करनं शे भो मोजून, बॉल उचलून देवाले येजो.

निवृत्त पीटी सर

पाचला मैदान मिळेल तर. आमच्याकडे मैदानावर दिवाळीआधी फटाक्यांचे स्टॉल, नंतर कोणाचं तरी प्रदर्शन, मग लग्नसराई. मंडपाचे खड्डे कोणी बुजवत नाही. भुसावळच्या ताई गुडघ्याचं म्हणाल्या, निम्मे गुडघे त्या खड्ड्यांत जातात. अर्ज मी स्वतः दिलेले आहेत, पोच आहे माझ्याकडे.

शेवभाजी तर्री मारके

सर मैदानाचा वेगळा विषय काढा, त्याच्यावर मी पण लिहितो. आमच्याकडे तर गरब्यासाठी गोलपोस्टच उपटला होता, अजून बसवला नाही.

दहावीचा बाप

गोलपोस्ट, गुडघे, झारखंड सगळं झालं. वाढीव गुण का बंद करू नयेत या माझ्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

तापीकाठची

सरांनी दिलंय. वर जाऊन वाचा.

दहावीचा बाप

वाचलं. ते उत्तर नाही, ती कबुली आहे.