‘सँपलिंग म्हणजे ऑडिटरची पळवाट’ म्हणणाऱ्यांसाठी

निळी_टिक
काल इथे एकाने ठोकून दिलं की आता सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळतो, मग २५ व्हाउचर बघून ‘कंट्रोल चालतोय’, म्हणजे कंपनीची मोजणी-मंजुरीची अंतर्गत शिस्त पाळली जातेय, असं म्हणणं ही पळवाट आहे, १०० टक्के तपासा. वर लाइकचा पाऊस. तिथे दोन ओळीत भागणार नव्हतं म्हणून वेगळा धागा.

अहो, एक्सेलमध्ये येतो तो व्यवहार, कंट्रोल नाही. पन्नास हजार बिलं पिव्हट मारून जुळवाल, पण स्टोअरवाल्याने माल मोजून जीआरएनवर (माल मिळाल्याच्या पावतीवर) सही केली की ट्रक गेटवर असतानाच, हे कुठल्या कॉलममध्ये दिसतं? त्याला फाइल उघडावी लागते, आणि सगळ्या कोणी उघडत नाही. राहिला आकडा, तर तोही हवेतला नाही. ९५ टक्के कॉन्फिडन्स म्हणजे खात्री, ५ टक्क्यांपर्यंत चूक चालेल, सँपलमध्ये एकही सापडणार नाही असं धरलं तर ५९ नग लागतात. ५ टक्के बिलं चुकीची असताना ५९ मध्ये एकही न सापडण्याची शक्यता म्हणजे ०.९५ चा ५९वा घात, काढून बघा, ०.०५ च्या खाली जातो. एकूण बिलं पाच हजार असोत की पाच लाख, ५९ जवळपास तेवढेच राहतात.

जुना_हिशेब
गणित छान. पण ५९ करतं कोण साहेब? फर्मच्या तक्त्यात रोजचा कंट्रोल असेल तर २५, महिन्याचा असेल तर २, टिक मारा नि उठा. २५ मध्ये शून्य चुका निघाल्या तरी ९५ टक्के कॉन्फिडन्सने एवढंच म्हणता येतं की चुका साधारण ११ टक्क्यांच्या आत आहेत. म्हणजे शंभरात दहा बिलं मंजुरीशिवाय गेली असतील तरी कंपनी कायद्याच्या १४३(३)(आय) खाली कंट्रोलबद्दलचं तुमचं मत स्वच्छ!

निळी_टिक
२५ म्हणजे ९० टक्के कॉन्फिडन्स नि ९ टक्के मर्यादा, जरा मांडून बघा. आणि पुढे सबस्टँटिव्ह, म्हणजे आकडे थेट तपासणं, असतंच की, कंट्रोलवर सगळा भार कोण टाकतो?

जुना_हिशेब
‘९ टक्के चुका चालतील’ असं लिहिलेला एक तरी वर्किंग पेपर दाखवा. आयुष्यात पाहिला नाही.

विरार_फास्ट
तुम्ही दोघं टक्क्यांवर भांडा, पण निवडलेली फाइल मिळतच नाही त्याचं बोला ना कोणीतरी. मी आर्टिकल आहे, सीएच्या हाताखालचा शिकाऊ. एका कारखान्यात रँडम नंबर काढून यादी दिली, अकाउंट्सवाले काका फाइली घेऊन आले त्यात काही कमी, म्हणाले ह्या सापडत नाहीत रे, ह्या दुसऱ्या घे, पार्टी तीच आहे. आणलेल्या फाइलींवर मंजुरीच्या सगळ्या सह्या एकाच जांभळट जेल पेनाने, तारखा एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत, स्टेपलरच्या पिना चकचकीत नव्या. सीनियरला फोन केला तर म्हणे घे, रिपोर्ट उद्या आहे.

सोलापुरी_सीए
एसए ५३०, सँपलिंगचं ऑडिट मानक, वाचलंय का? फाइल मिळाली नाही, पर्यायी पुरावाही नाही, तर ते डेव्हिएशन, म्हणजे कंट्रोल पाळला गेला नाही, असं धरायचं. बदली नग घ्यायचा तो रीतसर रद्द झालेल्या चेकसारख्या ठिकाणी. तुम्ही घेतलंत ते सँपल तुमचं नव्हे, क्लायंटचं.

विरार_फास्ट
सर, हे मला सांगताय? सीनियरला सांगा. स्टायपेंडमधून पास नि वडापाव भागत नाही आणि डेव्हिएशनवर क्लायंटशी भांडायचं मी?

जुना_हिशेब
आमच्या वेळी स्टायपेंड मागायची हिंमत नव्हती, उलट सरांच्या घरची लाइट बिलं भरून यायचो. काम शिकलो पण.

विरार_फास्ट
तेच शिकलात, म्हणून तेच शिकवताय.

सोलापुरी_सीए
भाषा सांभाळा. स्टायपेंड कुठून वाढवणार, क्लायंट फी वाढवायचं नावच काढत नाही, वाढवा म्हटलं की शेजारचा निम्म्यात करायला तयार.

निळी_टिक
स्टायपेंडचा धागा वेगळा काढा प्लीज.

विरार_फास्ट
वेगळा कशाला? तुमचे ५९ नग उचलतो कोण?

भांडुपचा_ठेवीदार
मी सीए नाही, माझे पैसे पीएमसी बँकेत होते. सप्टेंबर २०१९ मध्ये शाखेबाहेर रांग, आधी फक्त हजार रुपये काढा म्हणे. बँकेच्या एमडीच्या कबुलीपत्रात होतं की ऑडिटर वेळेअभावी फक्त वाढीव कर्जं बघायचे, जुनी नाही. खोटी खाती २१ हजारांवर. ह्याला तुम्ही सँपलिंग म्हणता?

सोलापुरी_सीए
नाहीच म्हणत. शितावरून भात कळतो तो सगळा ढवळलेला असेल तर. प्रत्येक खात्याला निवडलं जायची संधी हवी, जुनी खाती आधीच बाजूला काढली तर कितीही नग घ्या, उपयोग शून्य. आणि हातात दिलेली यादीच बनावट असेल तर १०० टक्के तपासणारेही बनावट यादीच तपासतील. म्हणून आधी यादी लेजरशी जुळवायची, कोअर बँकिंगमधून आपल्यासमोर काढून घ्यायची.

भांडुपचा_ठेवीदार
वा. हे तेव्हा कोणीतरी करायचं होतं.

जुना_हिशेब
यादीचं मान्य. २५ चं अजून नाही.

निळी_टिक
उद्यापासून ५९ करतो. वाढीव फीचं क्लायंटशी तुम्ही बोला, तुमच्या शब्दाला वजन आहे म्हणे.

विरार_फास्ट
आणि काकांना आधीच सांगून ठेवा, पेनं तरी दोन-तीन रंगांची आणा.