घरच्यांनीच फसवल्यावर माफी द्यायची कशी? (अनुभव धागा)

मुंबईत घरातली फसवणूक बहुतेक जागेवरून होते. चाळीतली खोली, पागडीची पावती, पुनर्विकासातला फ्लॅट, आईची सही असलेला एखादा कागद. मग जो तो सांगतो, "माफ करून टाक, देवाच्या मनात काहीतरी असेल." पण करायचं कसं, ते कुणी सांगत नाही. या कामात रोज असणाऱ्यांनी इथे लिहावं. स्वतःची कहाणी नको, पद्धत सांगा.

परळ, दिवाणी वकिली

माफ केलं म्हणून हक्कसोड पत्रावर (मिळकतीतला आपला वाटा सोडल्याचा दस्त) सही करू नका. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला, दोन साक्षीदार उभे राहिले, अंगठा आणि फोटो झाला, की तो आपल्या एकट्याच्या मर्जीने मागे घेता येत नाही. सही फसवून घेतली असेल, तर ते कळल्यापासून 3 वर्षांत दस्त रद्द करण्याचा दावा लावावा लागतो (मुदत कायदा, 1963). लोक नेमके इथे चुकतात. "घरातली गोष्ट घरात राहू दे" म्हणत तीन दिवाळ्या जातात, मुदत संपते आणि मग ती माफी आतल्या आत कुजते.

बहिणींनी दोन तारखा लक्षात ठेवाव्यात. 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून भावाचं नाव आहे, एवढ्यावरून फ्लॅट भावाचा होत नाही. नॉमिनी वारसांच्या वतीने सांभाळणारा.

हक्क समजून घेऊन मग एखादी बहीण वाटा सोडते, तेव्हा ते खरं देणं असतं. तडजोड ठरली तर लोक अदालतीत न्या. तिथल्या निवाड्यावर अपील नाही आणि चालू दाव्यातलं कोर्ट शुल्क परत मिळतं.

भायखळा, मराठी मंडळीतली प्रार्थनासेवा

वकीलसाहेबांच्या हक्कसोडीला जोडून सांगते. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत मराठीत शब्द आहे ऋण सोडण्याचा. ऋण सोडायचं तर आधी ते किती, हे माहीत पाहिजे. म्हणून आमच्याकडे येणाऱ्याला पहिल्यांदा वही देतो. डाव्या बाजूला काय घडलं: तारीख, रक्कम, कोण काय बोललं. उजव्या बाजूला त्याने आपलं काय गेलं: पैसे, माहेरचं येणंजाणं, मुलांचा मामा, आईच्या शेवटच्या दिवसांत जवळ बसणं. उजवी बाजू भरायला वेळ लागतो, दोन-तीन बैठका होतात. "सगळंच गेलं" असं मोघम लिहिलं की पुढे काही हलत नाही. मग एकेका ओळीवर प्रार्थना करून ती ओळ देवाच्या हाती सोपवायची. एका दिवशी एकच. सगळी वही एका रात्रीत सोडून देणारे आठवड्याने तीच वही पुन्हा लिहायला बसतात.

देवाच्या योजनेबद्दल बोलताना बायबलमधल्या योसेफाचं नाव सगळे घेतात, पण घाईत. 17 व्या वर्षी भावांनी त्याला विकलं, भेट झाली ती साधारण 22 वर्षांनी. भेटल्याबरोबर त्याने ओळख दिली नाही. शिमोन या भावाला अडकवून ठेवलं, धाकट्या बन्यामीनाच्या गोणीत प्याला ठेवून भावांना पारखलं. विकायची कल्पना ज्याची होती तो भाऊ यहूदाच "धाकट्याच्या जागी मला गुलाम ठेवा" म्हणाला, तेव्हा योसेफाला रडू आवरलं नाही. आणि बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या 50 व्या अध्यायातही तो भावांना "तुम्ही वाईट योजलं" असं तोंडावर म्हणतो, मग देवाने त्यातून भलं योजलं असं सांगतो. आधीचं अर्धं वाक्य गाळून नुसतं पुढचं कुणाला ऐकवू नये, ही कळकळीची विनंती.

दादर, कीर्तनसेवा

"ठेविले अनंते तैसेचि राहावे" हे ज्याचं गेलं त्याने स्वतःला म्हणावं. ज्याने घेतलं त्याने ते समोरच्याला ऐकवणं हा अभंगाचा अपमान आहे.

रोजच्या उपासनेसाठी पसायदानाचा आधार घ्या. "खळांची व्यंकटी सांडो": माऊली खळ जावो म्हणत नाहीत, त्याचा वाकडेपणा जावो म्हणतात. सुरुवातीला "दादाचं भलं कर" हे तोंडातून निघत नाही, ओढूनताणून काढूही नये. सांजवातीला नाव घेऊन एवढंच म्हणावं, "देवा, त्याची बुद्धी सरळ कर." काही महिन्यांनी "त्याच्या मुलाबाळांना सुखी ठेव" इथपर्यंत येतं, कारण भाचे-पुतणे निर्दोष असतात. स्वतः त्याचं भलं मागणं सगळ्यात शेवटी. नाव घेताच छाती आवळली, तर आदल्या पायरीवर परत या.

माहीम, कौटुंबिक समुपदेशन

माफी एकट्याने देता येते. विश्वास दोघांनी मिळून उभा करायचा असतो, तेही छोट्या रकमांपासून. गणपतीची वर्गणी, आईच्या औषधांची बिलं, गावच्या घराची पट्टी. महिन्याच्या महिन्याला हिशेब लेखी, पावत्यांसकट. सहा महिने हे सुरळीत चाललं की मगच मोठा विषय काढा. मारहाण किंवा धमक्या असतील तर हे काहीच करू नका. माफी लांबूनही देता येते.

पहिली भेट सणाला नको, लग्नाच्या हॉलवर नको, कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नकोच. दोघांनाही परक्या अशा जागी, अर्धा-पाऊण तास, विषय एकच. वहिनी आणि जावई पहिल्या भेटीला घरीच राहू देत.

राग परत येतोच. नव्या इमारतीच्या चाव्या वाटतात तेव्हा, वर्षश्राद्धाला, भाऊबीजेच्या सकाळी. त्या दिवशी "माझी माफी खोटी होती" असं धरून बसू नका. भायखळ्याच्या ताईंची वही काढा, ती ओळ शोधा आणि पुढे आजची तारीख टाका.

भायखळा, मराठी मंडळीतली प्रार्थनासेवा

तारखेचं बरोबर आहे. योसेफाचा बाप याकोब मिसरात (इजिप्तमध्ये) योसेफाजवळ 17 वर्षं जगला. तो गेल्यावर भाऊ पुन्हा घाबरले, "आता हा सूड घेईल." योसेफाने तेव्हा त्यांना दुसऱ्यांदा धीर दिला. वहीत तारखांसाठी जागा मोकळी सोडा.