अनुभव धागा: विद्यार्थी संशोधन गटाची सुरक्षितता, लॅबमध्ये आणि ऑनलाइन

चार-सहा मुलामुलींचा गट, एक मार्गदर्शक, आणि आविष्कार या विद्यापीठीय संशोधन स्पर्धेची तारीख तोंडावर आली की संध्याकाळी सातनंतरही लॅबचे दिवे चालूच. सांगली-सातारा पट्ट्यातल्या कॉलेजांत काम करणाऱ्या सगळ्यांना विनंती: कुणाला काय झालं ते नको. तुम्ही काय करता, किती प्रमाणात, कुठे चुकतं आणि का, एवढं लिहा. नवीन आलेल्या मुलाला वाचून उद्या तसंच करता आलं पाहिजे.

प्रयोगशाळा सहायक, सांगली

ऑटोक्लेव्हपासून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यापासून सुरुवात करतो, कारण मुलं त्याला घरचा कुकर समजतात. १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ ते २० मिनिटं हे सगळ्यांना पाठ असतं. पण मिनिटं मोजायची ती काटा १५ वर पोचल्यापासून, बटण दाबल्यापासून नव्हे. त्याआधी आतली हवा काढायची. व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि वाफेची सलग धार सुरू झाली की मगच बंद करा. हवा आत अडकली तर काटा १५ दाखवतो, पण तापमान १२१ ला पोचलेलंच नसतं. मग माध्यमावर (जिवाणू वाढवायच्या खाद्यावर) तिसऱ्या दिवशी बुरशी येते आणि दोष माध्यमाला दिला जातो.

बाटली दोन तृतीयांशपेक्षा जास्त भरू नका आणि झाकण सैल ठेवा. काटा शून्यावर आल्याशिवाय ऑटोक्लेव्ह उघडायचा नाही. घाईने वाफ सोडली की दाब एकदम पडतो, आणि शंभराच्या वर तापलेलं माध्यम बाटलीतच उसळतं. मध्येच लाइट गेली तर राहिलेली मिनिटं जोडू नका, पुन्हा १५ पौंडांवर आणून पूर्ण वेळ द्या. जिवाणू वाढवलेल्या टाकाऊ प्लेटांच्या पिशवीचं तोंड घट्ट बांधलं तर वाफ आत शिरत नाही. पिशवी सैल ठेवा, आणि तिला वेळही जास्त लागतो, आम्ही किमान अर्धा तास देतो. इंडिकेटर टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे उष्णता लागली, इतकंच. खरी खात्री स्पोअर स्ट्रिपने, म्हणजे चिवट जिवाणूंचे बीजाणू लावलेल्या पट्टीने होते (ते मेले तरच काम झालं), ती महिन्यातून एकदा लावा.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, कराड

लॅमिनारबद्दल, म्हणजे गाळलेल्या हवेच्या प्रवाहात काम करायच्या कपाटाबद्दल लिहायलाच हवं. आपल्याकडच्या कॉलेजांत बहुधा आडव्या प्रवाहाचं लॅमिनार असतं. त्यातली गाळलेली हवा मागून येते, प्लेटवरून जाते आणि थेट तुमच्या तोंडावर येते. ते प्लेटला वाचवतं, तुम्हाला नाही. शेतातली माती, गटाराचं पाणी, दवाखान्याच्या सांडपाण्याचे नमुने अशा अनोळखी वाढी त्यात उघडणं म्हणजे त्या स्वतःच्या नाकात ओढणं. त्यासाठी काम करणाऱ्यालाही वाचवणारं बायोसेफ्टी कॅबिनेट लागतं. ते नसेल तर विषय बदला, मी मुलांना हेच सांगते. मातीतले जिवाणू २८ ते ३० अंशांना छान वाढतात. ३७ ला ठेवलं की माणसाच्या अंगात वाढणाऱ्यांना आपण आमंत्रण देतो. वाढलेली प्लेट टेपने बंद करायची आणि बाहेरूनच बघायची. अतिनील दिवा चालू असताना आत हात घालायचा नाही. स्विच बंद केला हे एकाने मोठ्याने सांगायचं.

जिवाणूंची वाढ सांडली तर: वर टिश्यू टाका, त्यावर कडेकडून आत ब्लीच ओता आणि अर्धा तास थांबा. बाजारातलं ब्लीच साधारण ५ टक्क्यांचं असतं. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं रोज ताजं करायचं, कालचं चालत नाही. ब्लीचमध्ये आम्लयुक्त टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच टाकलेला कचरा ऑटोक्लेव्हमध्येही घालू नका.

हात-टेबल पुसायला ७० टक्के अल्कोहोल, ९५ नव्हे. पाणी असतं म्हणूनच ते जिवाणूंच्या आत शिरतं. आणि अल्कोहोल लावलेला ओला हात बर्नरजवळ नेऊ नका, त्याची ज्योत उजेडात दिसत नाही.

जनुकीय बदलाचं काम असेल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता आधी, पिपेट नंतर.

रसायनशास्त्र, एम.एस्सी., सांगली

आमच्याकडे पुराचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. २००५, २०१९, २०२१ हे तीन पूर सगळ्यांना माहीत आहेत. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. पाणी ३५ फुटांवर गेलं की तळमजल्यावरच्या लॅबमधून सामान हलवायला सुरुवात, ४० ची वाट बघायची नाही. पहिल्यांदा केरोसिनमधला सोडियम धातू आणि कॅल्शियम कार्बाइड वर न्यायचं, कारण पाणी लागलं की एकातून हायड्रोजन सुटतो आणि दुसऱ्यातून अ‍ॅसिटिलीन. मग सायनाइड, पारा, कीटकनाशकांची प्रमाणित द्रावणं. त्यानंतर अ‍ॅसिटोन-अल्कोहोलसारखे द्रावक. शेवटी मीठ-साखरेसारखं सामान. हा क्रम कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवा, कारण पुराच्या दिवशी मार्गदर्शक पलीकडच्या काठावर अडकलेले असू शकतात.

बाटल्या नावाच्या क्रमाने लावू नका, गुणधर्मानुसार लावा. नायट्रिक आम्ल अ‍ॅसिटोन-अल्कोहोलपासून लांब. टाकाऊच्या बाटलीतही हे दोन कधी एकत्र आणायचे नाहीत. वायू सुटत राहतो आणि घट्ट झाकलेली बाटली काही तासांनी फुटते, बहुधा लॅबमध्ये कुणी नसताना. टाकाऊवर तारीख, घटक आणि कुणाचं ते लिहा. सल्फ्युरिक आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात ओता, बारीक धारेने, ढवळत, बर्फाच्या तसराळ्यात. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं घड्याळ लावून पाणी, पापण्या बोटांनी उघड्या धरून. दोन मिनिटांनी बरं वाटतं म्हणून थांबतात, तिथेच चुकतं.

वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी, सातारा

हातमोजे घालून दाराची कडी, मोबाइल, चष्मा यांना हात लावायचा नाही. आमच्या गटात दार उघडणारा हात नेहमी उघडा, नमुना धरणारा मोज्यातला. एवढंच सांगायचं होतं. बाहेरच्या कामाबद्दल कुणी लिहा.

पर्यावरण प्रकल्प, पलूस

नदीच्या नमुन्यासाठी काठावर उकिडवं बसून बाटली बुडवू नका. भिलवडी-औदुंबर पट्ट्यात मगरी आहेत, आणि गढूळ पाण्यात त्या दिसत नाहीत. बाटलीला दोरी बांधून वजन लावा आणि पुलावरून किंवा उंच घाटावरून सोडा. दोघांनी जायचं, एकाची नजर पाण्यावर.

द्राक्षबागेतली माती घेताना शेतकऱ्याला आधी विचारा: शेवटची फवारणी कधी, कशाची? ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. त्या दिवसांत काड्यांना उघडा हात लागू देऊ नका, ते त्वचा आणि डोळे जाळतं. गमबूट, पूर्ण बाह्या, आणि परतल्यावर कपडे वेगळे धुवायचे. कास पठारावर रोप उपटण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी घ्या. आणि दुर्मिळ वनस्पतीचं नेमकं ठिकाण कुठेही टाकू नका. हे ऑनलाइनवाल्यांनी पुढे सांगावं.

संगणकशास्त्र, सातारा

सांगतो. फोनच्या कॅमेऱ्यात ‘लोकेशन’ चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ते निघून जातात, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तसेच राहतात. मुलं तपशील चांगला दिसावा म्हणून नेमकं तेच करतात. क्षेत्रभेटीला जाण्याआधी कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करायचं आणि ठिकाण वहीत लिहायचं.

दुसरं, गटाचा एकच मेल आणि त्याचा पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पिन केलेला. मग दोन वर्षांपूर्वी पास होऊन गेलेलाही आत असतो, आणि फाइल कुणी उडवली ते कळत नाही. आम्ही असं करतो: प्रत्येकाचं स्वतःचं खातं, फोल्डर मार्गदर्शकांच्या खात्यावर, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन सगळ्यांना सक्तीचं. गूगल दहा बॅकअप कोड देतं, ते छापून मॅडमच्या कपाटात. दर जूनला गेलेल्यांची नावं काढायची. ‘लिंक असलेल्या कुणालाही’ एडिटर करायचं नाही.

सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये उत्तरांचा सारांश सगळ्यांना दिसेल अशी सोय असते, ती बंद ठेवा. आजारपण, उत्पन्न, जात विचारत असाल तर नाव घेऊ नका, सां-०१७ असा क्रमांक द्या. क्रमांक कुणाचा ही यादी वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड लावून.

पोस्टरवर मुलींचे वैयक्तिक नंबर छापू नका, गटाचा मेल द्या. गटाच्या पानावर घाण संदेश आला तर ज्याच्याकडे ते पान आहे त्याने एकट्याने सोसायचं नाही. आधी पत्ता आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट, मग ब्लॉक, मग त्याच दिवशी मार्गदर्शकांना कळवणं आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. बक्षिसाची रक्कम घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे तुमच्याकडून पैसे जाणार आहेत.

झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह परत आणून लॅबच्या संगणकाला लावू नका. तिथल्या मशिनवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं तर निघताना फोनमधूनच ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन काढा.

कराडहून पुन्हा

व्हिडिओबद्दल एक राहिलं. प्रयोगाचा व्हिडिओ टाकताना चष्मा, कोट, बांधलेले केस दिसत नसतील तर तो टाकू नका. शाळेतली मुलं बघून घरी तसंच करतात. टाकण्याआधी मागची पाटी आणि गळ्यातली ओळखपत्रं झूम करून बघा, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी) नंबर स्पष्ट वाचता येतो.

प्रयोगशाळा सहायक, सांगली

रात्री थांबणाऱ्यांसाठी: दोघांपेक्षा कमी असाल तर ज्योत, आम्ल, ऑटोक्लेव्ह बंद. बसून लिहायचं काम चालेल. दाराच्या आतल्या बाजूला कागद हवा, त्यावर १०८, ११२, मार्गदर्शकांचा आणि रखवालदारांचा नंबर, मेन स्विच कुठे, गॅसचा कॉक कुठे, आणि लॅबचा पूर्ण पत्ता, इमारत-मजल्यासकट. घाबरलेल्या माणसाला फोनवर मजला आठवत नाही, म्हणून पत्ता सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात.