फातिमा : आईचं नाव भाचीला ठेवायचं की नाही?

मोगरावाडी
माझ्या आईचं नाव फातिमा. आम्ही वसईचे ख्रिस्ती. आई गेली त्याला या पावसाळ्यात दोन वर्षं होतील. गेल्या महिन्यात भावाला पहिली मुलगी झाली. आमच्या घरात पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव देतात, त्यामुळे नाव ठरलेलंच होतं, असं मी धरून चालले होते.

तर वहिनीच्या वडिलांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं : "काळ बरा नाही. नाव ऐकून लोक मुसलमान समजतील. शाळेत, नोकरीत, भाड्याचं घर बघताना पोर खुलासे देत बसेल." माणूस प्रेमळ आहे, नातीच्या काळजीनेच बोलतात, म्हणून मला त्यांच्यावर रागावताही येत नाही.

पण आईच्या आल्तारावरची मूर्ती डोळ्यांसमोरून हलत नाही. सोनेरी काठाचा पांढरा झगा, हात जोडलेले, पायाशी गुडघे टेकलेली तीन मुलं आणि दोन मेंढरं. त्यातल्या एका मेंढराचा कान उडालेला. तो मीच लहानपणी पाडला. मे महिन्यात वाडीतला मोगरा बाजारात जायच्या आधी आई त्यातली ओंजळभर फुलं काढून ठेवायची, मूर्तीच्या हारासाठी. पोर्तुगालमधल्या फातिमा नावाच्या गावात १३ मे १९१७ ला मेंढरं राखणाऱ्या तीन मुलांना पवित्र मारियेचं दर्शन झालं, अशी आमची श्रद्धा. लुसिया सगळ्यात मोठी, ती दहा वर्षांची. फ्रान्सिस्को आणि जसिंता तिची मामे-आत्ये भावंडं. आमच्या आळीत आजही तीन जसिंता आहेत. त्यांच्या नावाला कुणी हरकत घेत नाही.

माझं मत : लोक काय समजतील या भीतीने नाव गाळू नये. तुम्हाला काय वाटतं?

पेठकर
ताई, भावना पोचल्या. पण नाव आयुष्यभर त्या पोरीला वागवायचंय, आत्याला नाही. मी वीस वर्षं फातिमानगरच्या चौकातून हडपसरला जातोय. पुण्याबाहेरच्या माणसाला पत्ता सांगितला की "मुसलमान वस्ती आहे का?" हा प्रश्न ठरलेला. निर्जीव चौकाची ही कथा, तर हाडामांसाच्या मुलीचं काय होईल? जग बदलायचं काम महिन्याच्या बाळावर टाकू नका. आईची आठवण मनात ठेवा, नाव दुसरं ठेवा.

शब्दवेल्हाळ
नावाबद्दल थोडं. अरबीत फ-त-म या धातूचा अर्थ अंगावरचं दूध तोडणं. त्यावरून फातिमा. म्हणजे आईच्या कुशीतून पाऊल बाहेर टाकणाऱ्या बाळाच्या वयाशी जोडलेला, अगदी घरातला शब्द. पैगंबरांची मुलगी, हजरत अलींची पत्नी, हसन-हुसेनची आई असलेल्या फातिमेमुळे तो जगभर गेला. आणि जिथे गेला तिथल्या जिभेवर तिथलाच झाला. तुर्कांची फातमा, इराणची फातेमे, सोमालियात फादुमो, मालीत फातुमाता, सेनेगल-गांबियात फातू, केरळात पातुम्मा. उझबेकांकडे जुळ्या मुली झाल्या की फातिमा आणि जुहरा ही जोडी ठरलेली. जुहरा हे त्याच फातिमेच्या जहरा या उपाधीचं रूप. कैरोच्या अल-अजहरचं नावही या जहरावरूनच आलं, असं मानतात. ते बांधलं फातिमी खलिफांनी, दहाव्या शतकात. आपल्या मुंबईचे दाऊदी बोहरा त्याच परंपरेचे.

आणि अरबी नावाचं मराठी माणसाला वावडं कधीपासून? मालोजीराजांना नगरच्या शाह शरीफांच्या कृपेने मुलगे झाले, म्हणून एकाचं नाव शहाजी आणि दुसऱ्याचं शरीफजी, असं बखरी सांगतात. दौलतराव, हिंमतराव, इनामदार यांत अरबी शब्दच आहेत. बारशाला आलेल्या कुणी त्यावर नाक मुरडलेलं ऐकिवात नाही.

सरळरेघ
इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आहे. मोगरावाडीताईंची फातिमा पैगंबरांच्या मुलीवरून नाही, गावावरून आहे. जसं फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थावरून लूर्द, तसं फातिमा. लूर्द नावाच्या बाईला कुणी फ्रेंच म्हणत नाही. नातेवाइकांना एवढंच सांगा की हे ख्रिस्ती तीर्थाचं नाव आहे, मुसलमानी नावाशी त्याचा संबंध नाही. वाद मिटला. बाकी सगळी व्युत्पत्ती इथे गैरलागू.

मोगरावाडी
सरळरेघ, माझा भाऊही हेच म्हणतो. पण "संबंध नाही" हे खरं नाही, म्हणून मला ते म्हणवत नाही. गावाला ते नाव आलं कुठून? ७११ मध्ये मुसलमान फौजा स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात उतरल्या, आणि पोर्तुगालच्या दक्षिण टोकावरचं त्यांचं राज्य १२४९ पर्यंत टिकलं. त्या टोकाला आजही अल्गार्व म्हणतात, म्हणजे अरबीत पश्चिम. फातिमा गावात दंतकथा सांगतात की एका मूर, म्हणजे तिथल्या मुसलमान, सरदाराच्या मुलीला ख्रिस्ती योद्ध्याने पकडून आणलं, तिने बाप्तिस्मा घेऊन त्याच्याशी लग्न केलं आणि तिचं जुनं नाव गावाला राहिलं. दंतकथाच ती. पण ख्रिस्ती झालेल्या त्या गावाने अरबी नाव पुसलं नाही, हे तर समोर दिसतं. आमच्या वसईतलं आल्मेडा आडनावही अभ्यासक अरबीपर्यंत नेतात. ते कुणी बदलायला निघालेलं नाही.

जुनीवही
यात विशेष काही नाही. पोर्तुगीजांनी वसईत चर्च आणली, आडनावं आणली, फातिमाही आणली. परक्या सत्तेची खूण आहे ती. इंग्रजांनी दिलेली नावं आपण बदलतो, मग ही का जपायची?

मोगरावाडी
तारखा बघा. चिमाजीअप्पांनी वसई घेतली १७३९ मध्ये. दर्शनं झाली १९१७ मध्ये, तिथल्या बिशपांनी ती विश्वासार्ह ठरवली १९३० मध्ये, आणि १९४७ नंतर फातिमा मातेची मूर्ती देशोदेशी फिरली. पोर्तुगीज वसईतून जाऊन दोनशे वर्षं झाल्यावर आमच्या आयाबायांनी हे नाव आपखुशीने उचललं. त्यांच्यावर बळजबरी करायला कुणी उरलंच नव्हतं.

खाडीपलीकडची
बराच वेळ वाचत होते. बोलू की नको करत होते. माझं नाव फातिमा. मी बाणकोटकडची, कोकणी मुसलमान. घरी बोलतो ती मराठीच म्हणा, आमच्या वळणाची.

तीन वर्षांपूर्वी पुण्यात भाड्याने घर शोधत होते. एजंटशी फोनवर सगळं ठरलं : भाडं, डिपॉझिट, शनिवारी किल्ली. शेवटी त्याने नाव विचारलं. मी म्हटलं, फातिमा. तो जरा थांबला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "ख्रिश्चन ना मॅडम?" त्याच्या आवाजात अगदी आर्जव होतं, मी हो म्हणावं म्हणून. मी नाही म्हटलं. मालकांशी बोलून कळवतो म्हणाला. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

सरळरेघ, "हे ख्रिस्ती नाव आहे, मुसलमानी नव्हे" या वाक्याने तुमचा वाद मिटतो. माझ्यासाठी तेच वाक्य घराच्या दाराची कडी आहे. दोन्हीकडे नाव एकच. त्यातल्या एकीला सोडायचं आणि दुसरीला अडवायचं, ते त्या एका खुलाशावर.

मोगरावाडीताई, कुराणात नावानिशी उल्लेख असलेली बाई एकच, मरियम, येशूची आई. तिच्या नावाची आख्खी सुरा, म्हणजे अध्याय, आहे, एकोणिसावी. पैगंबरांच्या मुलीचं नाव मात्र कुराणात नाही. माझी धाकटी बहीण मरियम. म्हणजे तुमच्या घरातलं नाव आमच्याकडे आणि आमच्या घरातलं तुमच्याकडे नांदतंय. भाचीचं नाव जरूर ठेवा. फक्त "आम्ही त्या नव्हे" असं सांगत ठेवू नका, एवढीच विनंती.

पेठकर
ताई, तुमच्याशी जे झालं ते वाईट झालं. मी घरमालक असतो तर असं केलं नसतं. पण माझा मुद्दा तुमच्या अनुभवानेच पक्का होतो. ही असली माणसं आहेत, उद्याही असतील. मग जाणूनबुजून एक मूल त्या रांगेत का उभं करायचं? तुम्हाला तुमचं नाव निवडायची संधी नव्हती. या पोरीला आहे.

खाडीपलीकडची
पेठकरदादा, माझं नाव माझ्या आजीने निवडलं आणि मला ते हवंय. अडचण नावात नाही हो. उद्या सगळ्यांनी नावं टाकली तर नाव न टाकणाऱ्या आम्हीच तेवढ्या उघड्या पडणार.

मांडवीकाठ
गोव्यातून लिहितो. आमच्याकडे मारिया द फातिमा असं पूर्ण नाव ठेवतात. पोर्तुगालमध्येही ते घरोघरी आहे. माझी मोठी मावशी कागदावर मारिया द फातिमा, घरात फक्त फाती. यात लपवाछपवी नाही, ती आमची रीतच. तेव्हा मोगरावाडीताई, मारिया पुढे लावा. व्याहीही शांत होतील, आईचं नावही राहील.

शब्दवेल्हाळ
गोव्याची रीत म्हणून ते सुंदर आहे. पण वसईच्या या घरात आजी नुसती फातिमा होती. आज मारिया लावायचं कारण रीत नाही, धास्ती आहे. दोन्हीतला फरक त्या मुलीला मोठेपणी कळेल.

आणखी एक. सावित्रीबाईंनी ऑक्टोबर १८५६ मध्ये आजारपणात माहेराहून जोतीरावांना जे पत्र लिहिलं, त्यात त्यांना काळजी आहे फातिमेची : आपल्यामागे तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाची. ही फातिमा म्हणजे सावित्रीबाईंच्या सहकारी मानल्या जाणाऱ्या फातिमा शेख. त्यांच्याबद्दल आज कितीही वाद घाला, पत्रात ते नाव आहे, आणि ते किती सहजपणे आलंय! आडनाव नाही, ओळख नाही. मुंबईच्या मूकपटांच्या काळात, १९२६ साली, दिग्दर्शन करणारी फातिमा बेगम. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बसलेल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश फातिमा बीवी. या बायकांनी नावाला खुलासा जोडला नव्हता.

सरळरेघ
थोर बायकांची यादी देऊन एजंट फोन उचलत नाही. मला अजून वाटतं, खुलासा देण्यात गैर काही नाही. माणूस आपली ओळख सांगतोच. पण "संबंध नाही" हा शब्द मी मागे घेतो. तो चुकला.

मोगरावाडी
मारिया लावायला मीही जवळपास तयार झाले होते, हे कबूल करते. आई स्वतः मारियेचीच भक्त, तिला वावगं वाटलं नसतं. मात्र खाडीपलीकडचीचं लिहिलेलं वाचलं आणि तो एजंट "ख्रिश्चन ना?" म्हणाला तो आवाज कानात राहिला. मारिया मला प्रिय आहे. त्या आवाजाला उत्तर म्हणून तिला पुढे करायचं माझ्या जिवावर येतं.

काल हा धागा वहिनीला वाचून दाखवला. तिने सगळं ऐकलं, बाळ मांडीवर होतं. तिच्या वडिलांशी ती स्वतः बोलणार आहे. तिची एकच शंका उरली होती : इंग्रजी शाळेत पोरीला "फॅटिमा, फॅटिमा" करून सोडतील. मी म्हटलं, आईला तर बँकेतले "फातिमाबेन" म्हणायचे आणि ती ओ द्यायची.

बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी आहे. फादरांनी नाव लिहून मागितलंय, चिठ्ठी वहिनीच देणार. कान तुटलेलं मेंढरू मी परवा चिकटवायला घेतलं होतं. वहिनी म्हणाली, राहू दे तसंच.

खाडीपलीकडची
बाप्तिस्म्याचा फोटो टाकू नका, नजर लागेल. पण नाव काय लिहिलं ते नक्की कळवा.